रिकामा चालताना हंटिंग, बर्फात घुसला की सरळ: एका स्नोब्लोअरच्या कार्बोरेटरचं प्रकरण

स्नोब्लोअर म्हणजे साचलेला बर्फ उचलून लांब फेकणारं मशीन. हे दोन टप्प्यांचं होतं. पुढचा ऑगर बर्फ फोडून आत ओढतो, मागचा इम्पेलर तो नळकांड्यातून लांब फेकतो. इंजिन एका सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक, २०८ सीसी, ओव्हरहेड वाल्वचं, आणि त्यावर हवा-पेट्रोल मिसळून देणारा, फ्लोटचा साधा कार्बोरेटर. बरेच हिवाळे काही तक्रार नव्हती. या हिवाळ्यात बाहेर काढल्यापासून मात्र रेस, म्हणजे इंजिनाचे फेरे, एका जागी थांबेना. यालाच हंटिंग म्हणतात. मालकांनी फोनवर सांगितलं ते असं: "चालू पटकन होतं. चोक असेपर्यंत बरं. चोक सोडला की व्हूंऽ व्हूंऽ, रेस चढते, पडते, परत चढते. बर्फात घातलं की गप्प. बाहेर काढलं की पुन्हा तेच."

"बर्फात घातलं की गप्प" हे यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य. बरेच जण ते सांगतच नाहीत, कारण त्यांच्या लेखी तो दोष नसतो. मशीन नीट चालतं तेव्हाची हकीकत मेकॅनिकला कशाला सांगायची, असं वाटत असावं. पण कार्बोरेटरच्या कुठल्या भागात बिघाड आहे हे याच वाक्यावरून कळतं.

मशीन माझ्याकडे येण्याआधी त्यावर बरंच काम झालं होतं. नवा प्लग, ताजं पेट्रोल, फ्लोटची, म्हणजे कार्बोरेटरखाली पेट्रोल साठवणारी वाटी उघडून साफ, आणि तिच्यातल्या मेन जेटमधून, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या मुख्य भोकातून, स्टीलची तार. एवढं करूनही फरक पडेना, तेव्हा कोणीतरी गव्हर्नरची, म्हणजे रेस आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग सैल पडल्याची शंका काढली आणि ती एका भोकातून काढून दुसऱ्या भोकात अडकवली. हंटिंग जरा मंदावलं, पण रेसही पडली. शेवटी मालक चोक (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप) अर्धा ओढून ठेवूनच अंगणातला बर्फ काढू लागले.

हंटिंग नेमकं होतं कसं

इंजिनाची रेस आपण लिव्हरने ठरवतो असं वाटतं, पण लिव्हर थेट थ्रॉटलला, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या चकतीला, जोडलेला नसतो. तो फक्त एक स्प्रिंग ताणतो. स्प्रिंग थ्रॉटलची चकती उघडायला बघते, आणि क्रँककेसमधली गव्हर्नरची फिरती वजनं ती मिटायला बघतात. दोघांची जिथे बरोबरी होते तिथे रेस ठरते. अशा इंजिनांत लिव्हर पूर्ण पुढे असेल तर ती साधारण ३६०० आरपीएमच्या आसपास असते.

आता ३६०० ला इंजिन कितीही ओरडत असलं तरी ऑगर सुटा असेल तर त्याला काम काहीच नसतं. रिकामं फिरत राहायला लागते तेवढीच ताकद हवी असते, म्हणून चकती जेमतेम किलकिली असते. व्हेंच्युरीतून, म्हणजे कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून, जाणारी हवा थोडी, तिचा वेग कमी, त्यामुळे मेन नोझलमधून पेट्रोल नीट ओढलं जात नाही. चकतीच्या मागच्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला मात्र व्हॅक्यूम जबरदस्त असतो. चकतीच्या काठापाशी जी बारीक भोकं असतात त्यांतून हा व्हॅक्यूम पायलट सर्किटचं, म्हणजे मेन जेटहून वेगळ्या बारीक वाटेचं, पेट्रोल खेचतो. थोडक्यात, रिकामं असेपर्यंत इंजिन पूर्ण रेसलासुद्धा मुख्यतः पायलटच्या जिवावर चालतं. "पायलट म्हणजे आयडलिंगपुरता" ही समजूत फार पसरलेली आहे, आणि इतकी हंटिंगची कामं अर्धवट राहतात ती तिच्यामुळेच.

पायलट अर्धवट बुजला की हवा तेवढीच पण पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण लीन. ताकद पडते, रेस उतरते. गव्हर्नरला मिश्रणातलं काही कळत नाही, त्याला फक्त फेरे कळतात. तो चकती उघडतो. हवा वाढते, मेन नोझल पेट्रोल द्यायला लागतं, इंजिनाला एकदम जोर येतो आणि रेस ठरलेल्या आकड्याच्या वर जाते. गव्हर्नर चकती मिटतो. मेन नोझल थांबतं, परत पायलटवर येतं आणि परत उपास. दर सेकंद-दोन सेकंदांनी हे चक्र फिरत राहतं. मशीन बर्फात घातलं की ओझं येतं, चकती उघडी ती उघडीच राहते, मेन जेट सलग पेट्रोल देतो आणि चक्र तुटतं.

म्हणून मेन जेट साफ करून ही तक्रार जात नाही. तरीही साफ होतो तो मेन जेटच, कारण वाटी उघडली की तो समोर दिसतो.

आधीचं निस्तरणं

पहिलं काम गव्हर्नरची स्प्रिंग होती तिथे नेणं. आर्मवर ओळीने भोकं होती. त्यातल्या एकाची कड स्प्रिंगने घासून चकचकीत झालेली, बाकीच्यांवर रंग शाबूत. मूळ जागा कोणती हे विचारायला मॅन्युअलही लागलं नाही. आर्म ज्या बोल्टने गव्हर्नरच्या दांड्यावर आवळलेला असतो त्याच्यावरचा कारखान्यातला रंगाचा ठिपका तुटलेला नव्हता, म्हणजे आर्म कोणी फिरवला नव्हता. तो हलला असता तर काम वाढलं असतं: बोल्ट सैल करायचा, आर्म थ्रॉटल पूर्ण उघडेल असा धरायचा, दांडा त्याच दिशेला शेवटपर्यंत फिरवायचा आणि मग आवळायचा. ही जुळवणी चुकली तर इंजिन मर्यादेबाहेर पळतं, आणि एवढ्या लहान इंजिनाचा कनेक्टिंग रॉड ते फार वेळ सहन करत नाही. कार्बोरेटर निर्दोष ठरल्याशिवाय गव्हर्नरला हात लावू नये असं मी म्हणतो ते याचसाठी.

कार्बोरेटर आणि गव्हर्नर यांना जोडणाऱ्या सळईशेजारी केसासारखी एक बारीक स्प्रिंग असते. तिचं काम एवढंच की सळईच्या टोकांना खेळ राहू नये. ती हरवली तर कार्बोरेटर कितीही स्वच्छ असला तरी रेस थरथरते. इथे ती जागेवर होती.

इंजिन चालवून करायच्या सगळ्या परीक्षा उघड्यावर केल्या. शेडचं दार उघडं ठेवणं पुरेसं नाही, एवढ्या इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड बंदिस्त जागेत माणसाला कळायच्या आत घात करतो. ऑगर सुटा, आणि ज्या ज्या वेळी हात आत गेला त्या त्या वेळी इंजिन बंद, चावी काढलेली, प्लगची वायर बाजूला.

परीक्षा

टॅकोमीटर मी प्लगच्या वायरीला गुंडाळायचा वापरतो. फ्लायव्हीलच्या मॅग्नेटोवर चालणारं इंजिन फोर-स्ट्रोक असलं तरी दर फेऱ्याला एक ठिणगी टाकतं, त्यामुळे मीटर "एका फेऱ्याला एक" वर ठेवावा लागतो, नाहीतर आकडा दुप्पट दिसतो आणि माणूस घाबरतो. लिव्हर पूर्ण पुढे, ऑगर सुटा: काटा २९०० ते ३७०० च्या मध्ये हेलकावे खात होता. हेलकाव्याला ताल होता. हा ताल महत्त्वाचा. इग्निशनचा बिघाड असा एका लयीत येत नाही, तो अधूनमधून ठेच लागल्यासारखा येतो. पेट्रोलमध्ये पाण्याचे थेंब असतील तरी तसंच, अवेळी अडखळणं.

चोक पाव ओढला, हेलकावा लहान झाला. अर्धा ओढला, काटा थांबला. म्हणजे मिश्रण लीन आहे हे नक्की. पण चोक एवढंच सांगतो. तो अख्ख्या कार्बोरेटरवर व्हॅक्यूम वाढवतो, मेन आणि पायलट दोन्हींतून जास्त पेट्रोल खेचतो, आणि गॅस्केटमधून चोरटी हवा येत असेल तर तिचीही भरपाई करतो. "चोक ओढल्यावर सुधारलं, म्हणजे जेट तुंबलाय" असं लगेच म्हणता येत नाही.

ते ओझं टाकल्यावर म्हणता येतं. शेजारी साचलेल्या बर्फाच्या ढिगात मशीन घातलं, चोक पूर्ण बंद, म्हणजे सोडलेला. रेस जराशी खाली बसली आणि तिथेच राहिली, आवाज भरीव, धूर नाही. मेन जेट आणि टाकीपासून वाटीपर्यंतचा रस्ता यांनी इथेच आपण ठीक असल्याची साक्ष दिली. उलट झालं असतं, म्हणजे रिकामं सरळ आणि बर्फात घातल्यावर दम सुटतोय असं, तर मी मेन जेट, पेट्रोलची नळी, टाकीतली जाळी आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक यांच्या मागे लागलो असतो. ते भोक बुजलं की टाकीत व्हॅक्यूम होतो, आणि इंजिन काही वेळ छान चालून मग उपाशी मरतं. झाकण सैल करून चालवलं की लगेच कळतं. इथेही सैल करून पाहिलं, काही फरक नाही.

मग लिव्हर मागे घेऊन कमी रेसला थ्रॉटलची सळई बोटाने हलकेच एका जागी धरली. ही परीक्षा जपून करायची, चकती उघडण्याच्या दिशेला कधीच ओढायची नाही. सळई स्थिर असताना इंजिन दमदार आणि एकसारखं चाललं असतं तर दोष गव्हर्नरच्या बाजूला. हे इंजिन मात्र हेलकावे सोडून सरळ खाली खाली जाऊ लागलं, कार्बोरेटरच्या तोंडातून फट् फट् करत विझायला आलं. गव्हर्नर बिचारा त्याला मरू देत नव्हता, एवढंच त्याचं हंटिंग.

राहिली चोरटी हवा. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा इन्सुलेटर असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गॅस्केट. यातून हवा शिरली तरी लक्षणं अशीच येतात. बरेच जण तिथे कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारतात. मी मारत नाही, कारण हातभर अंतरावर तापलेला सायलेन्सर असतो. इंजिन थंड असताना सांध्याच्या कडेने घट्ट ग्रीसचा थर दिला आणि मग चालू केलं. गळती असती तर ग्रीसने ती तेवढ्यापुरती बुजली असती आणि रेस बदलली असती. ती बदलली नाही.

मालकांनी जुना प्लग ठेवला होता, बरं केलं. त्याच्या चिनीमातीवर फिकट पांढुरकी झाक होती, निरोगी प्लगची असते तशी बदामी नव्हे. बसवलेला नवा प्लग उलट काजळलेला, कारण तो सगळा काळ अर्ध्या चोकवर चालला होता. नवीन प्लग घालून जुना कचऱ्यात टाकणारे लोक पुराव्याचा एक कागदच फाडतात.

वाटीतून बरणीत

कॉक बंद केला, वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडला आणि पेट्रोल काचेच्या बरणीत घेतलं. मग कॉक पुन्हा उघडून पाहिलं: धार सलग, पेन्सिलच्या शिशाएवढी, खंड नाही. बरणी तिरकी केली की तळाशी दोन-तीन टपोरे थेंब पेट्रोलखालून घरंगळत होते. ते पाणी. बर्फ पडत असताना टाकी भरली की झाकणाच्या खोबणीतला बर्फ आत जातो, शिवाय इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली वाफ धरतं. थेंब थोडेच होते. एवढ्याने हेलकावे येत नाहीत, पण पितळ आणि जस्ताच्या ओतकामात उन्हाळाभर बसून राहिलेलं पाणी काय करतं ते पुढे दिसणार होतं.

कार्बोरेटरवर पत्र्याचा एक खोका असतो. नवख्याला वाटतं आत एअर फिल्टर असेल. बहुतेक स्नोब्लोअरांना एअर फिल्टर नसतोच: बर्फात धूळ नसते, आणि फिल्टर असता तर उडणारा बर्फ त्याच्यात भरून गोठला असता. हा खोका सायलेन्सरकडची ऊब कार्बोरेटरभोवती फिरवतो, म्हणजे व्हेंच्युरीत बर्फ धरत नाही. "फिल्टर तर नाहीच, मग हा पत्रा कशाला" म्हणून तो काढून ठेवलेली मशीनं मी पाहिली आहेत. शून्याच्या आसपासच्या ओलसर हवेत ती दमतात आणि थोडा वेळ बंद ठेवली की आपोआप बरी होतात. तो वेगळा आजार, पण हंटिंगशी त्याची गल्लत होते.

खोका काढला, स्प्रिंगांचा फोटो घेतला, दोन नट सोडून कार्बोरेटर स्टडवरून बाहेर ओढला आणि सळई वळवून सोडवली. वाटी आतून चकचकीत होती, ते आधीच्या साफसफाईचं श्रेय. फ्लोट उलटा धरला तर बॉडीला समांतर, वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या नीडलच्या टोकावर खाच नाही.

पायलट जेट या धाटणीच्या कार्बोरेटरमध्ये वाटीत नसतोच. तो वरून बसतो, प्लॅस्टिकच्या काळ्या डोक्याचा, आणि आयडलच्या रेसचा स्क्रू त्याच्या डोक्यावर अशा तऱ्हेने येतो की स्क्रू काढल्याशिवाय जेट निघत नाही. हे माहीत नसेल तर तो कार्बोरेटरचाच एखादा कायमचा तुकडा वाटतो. इथे त्याच्याभोवती वर्षानुवर्षांचा चिकट थर जसाच्या तसा होता, म्हणजे आजवर कोणी काढलेला नव्हता. आयडलचा स्क्रू किती फेऱ्यांवर आहे ते मोजून काढला आणि चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने जेट हलकेच उचकटला.

उजेडाकडे धरला. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं, पण स्वच्छ असेल तर त्यातून सुईच्या टोकाएवढा गोल उजेड दिसतो. इथे काहीच दिसलं नाही. भिंगाखाली पितळी टोकावर मधासारख्या रंगाचा, काचेसारखा थर. पेट्रोलमधला हलका भाग उडून गेला की मागे उरतो तो हाच. क्लीनरमध्ये भिजवला, मग वायरमधली मऊ तांब्याची एकच तार काढून ती आरपार घातली. स्टील वापरायचं नाही, पितळ त्याच्यापुढे मऊ. शेवटी दाबाची हवा. उजेडाचा ठिपका दिसला, गोल आणि स्वच्छ कडेचा. जेटच्या ओ-रिंगला चीर नव्हती. तिला चीर असती तर हवा बाजूने घुसली असती आणि साफ जेटही लीनच राहिला असता.

मेन जेटही भिंगाखाली पाहिला. स्टीलच्या तारेचे दोन ओरखडे आत होते, पण भोक गोल.

कार्बोरेटर परत बसवला. त्या दुपारी हवा ४ अंश होती. लिव्हर पूर्ण पुढे, चोक बंद, काटा ३५५० वर. मालक खूश, मशीन आजच नेतो म्हणाले. मी ठेवून घेतलं.

उणे १६ ला

स्नोब्लोअर ४ अंशाला सरळ चालला याचा अर्थ तो स्नोब्लोअर म्हणून सरळ चालेल असा होत नाही. थंड हवा घन असते. ४ अंशांपेक्षा उणे १६ अंशांची हवा सुमारे ८ टक्के जड. कार्बोरेटर हवा तोलत नाही, तो दाबातल्या फरकावर चालतो, त्यामुळे जड हवेच्या मानाने पेट्रोल मागे पडतं. हिशोब ढोबळच, पण मिश्रण त्या मानाने जवळपास ४ टक्के लीन होतं. पायलटमध्ये सगळं ठीक असेल तर एवढं सहज खपतं. काठावर असेल तर खपत नाही.

कडक थंडीची सकाळ लवकरच आली. इंजिन तापू दिलं, चोक बंद केला, लिव्हर पुढे. आधीचा जोरदार हेलकावा नव्हता, पण काटा शंभर-दीडशेने हलत होता, त्याच तालात. चोक किंचित ओढला की थांबत होता. बर्फात घातलं की थांबत होता. म्हणजे तोच आजार, कमी प्रमाणात. पायलट जेट साफ झाला होता, पायलट सर्किट साफ झालं नव्हतं.

जेट हे त्या सर्किटचं फक्त दार. जेटमधून निघालेलं पेट्रोल बॉडीतल्या आडव्या बोगद्यातून जातं आणि गळ्यात दोन ठिकाणी बाहेर पडतं. एक, आयडलचं भोक, ज्याच्यावर मिश्रण कमी-जास्त करणाऱ्या मिक्श्चर स्क्रूचं टोक असतं. दुसरी, चकतीच्या काठालगतची ओळीने असलेली बारीक भोकं. चकती किलकिली झाली की ही भोकं एकामागून एक व्हॅक्यूमखाली येतात आणि पायलटपासून मेनपर्यंतचा मधला प्रवास भरून काढतात. रिकाम्या ३६०० ला चकती नेमकी याच पट्ट्यात असते.

कार्बोरेटर पुन्हा टेबलावर. मिक्श्चर स्क्रूवर प्लॅस्टिकची टोपी होती, स्क्रू ठरावीक मर्यादेबाहेर फिरू नये म्हणून कारखान्यात घातलेली. ती जपून काढली. स्क्रू आत हलक्या हाताने टेकेपर्यंत फिरवत फेरे मोजले आणि आकडा टेपच्या तुकड्यावर लिहून बाकावर चिकटवला. जोर लावून टेकवायचा नाही, टोकाला वळ पडला की तो स्क्रू बाद. स्क्रू निघाला तेव्हा त्याच्या खोबणीत हिरवट-पांढरी भुकटी होती. बरणीतल्या थेंबांची ही कामगिरी.

मग पायलट जेटच्या जागेतून क्लीनरची नळी लावून, मिक्श्चर स्क्रूच्या भोकावर बोट दाबून, फवारा मारला. डोळ्यांवर चष्मा हवाच, हा फवारा कुठून परत अंगावर येईल सांगता येत नाही. चकती उघडी धरून गळ्यात पाहिलं. काठालगत तीन भोकं होती. एकातून बारीक, ताठ धार येऊन समोरच्या भिंतीवर आपटत होती. दुसऱ्याच्या तोंडाशी नुसता थेंब फुगत होता. तिसरं कोरडं.

याला तार घालून उपयोग नाही. भोकं बोगद्याला काटकोनात, तार वळत नाही, आणि कड दुखावली तर मिश्रण कायमचं बदलतं. रबर आणि प्लॅस्टिकचे सगळे भाग काढून बॉडी कोमट पाण्यात अल्ट्रासॉनिक क्लीनरला (ध्वनिलहरींनी मळ सोडवणारं यंत्र) लावली, धुतली, दाबाच्या हवेने प्रत्येक वाट वाळवली आणि पुन्हा फवारा मारला. अजून एक भोक मंद होतं, म्हणून परत टाकली. शेवटी तिन्ही धारा सारख्या आल्या. अल्ट्रासॉनिक नसेल तर क्लीनरमध्ये रात्रभर भिजत ठेवून हवा आणि फवारा आलटून पालटून मारत राहणं हाच मार्ग, फक्त धीर लागतो.

गॅस्केटं नवी घातली. ती दिसायला सारखी असली तरी सारखी नसतात. कार्बोरेटरच्या तोंडाकडचं गॅस्केट उलटं बसलं तर वाटीची हवा जाण्याची खाच झाकली जाते, आणि मग जे हंटिंग येतं त्याचा उगम शोधताना माणूस वेडा होतो. जुनं कुठल्या बाजूने होतं ते काढतानाच्या फोटोत होतं. मिक्श्चर स्क्रू टेपवरच्या आकड्यावर, टोपी परत जागेवर.

उणे १६ नाही, पण उणे १४ ची सकाळ मिळाली. चोक बंद, रिकामं, लिव्हर पूर्ण पुढे: ३५५०, काटा वीस-तीसने हलला तर हलला. ऑगर जोडला, सोडला, पुन्हा जोडला. प्रत्येक वेळी रेस एकदा बसली आणि तिथेच राहिली.

हे आलं कुठून

मालक निष्काळजी नव्हते. हिवाळा संपताना त्यांनी टाकीत स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल साठवणीत खराब होऊ नये म्हणूनचं औषध, घातला होता. पण घातला, झाकण लावलं आणि मशीन कोपऱ्यात लोटलं. औषध टाकीत राहिलं, वाटीत आणि पायलटच्या बोगद्यात जुनं पेट्रोल तसंच. स्टॅबिलायझर घातल्यावर इंजिन पाच-दहा मिनिटं चालवावं लागतं, म्हणजे तो कार्बोरेटरपर्यंत पोचतो. त्यानंतर मी कॉक बंद करून इंजिन आपणहून विझेपर्यंत चालवायला सांगतो आणि वाटीचा ड्रेन उघडायला सांगतो. नुसतं विझेपर्यंत चालवलं तर वाटीच्या तळाशी थोडं उरतंच, पाणी असेल तर तेही तिथेच.

आणखी एक काम करावं लागलं. अर्ध्या चोकवर चालवण्याने जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता आणि तेलाची पातळी खुणेच्या वर. तेल बदललं. अर्धा चोक ही बर्फ पडत असताना रस्ता मोकळा करून घ्यायची सोय आहे, हिवाळा काढायची नाही.

मालकांनी विचारलं, नवा कार्बोरेटरच का नाही घातला? रास्त प्रश्न आहे, आणि बॉडी आतून खूप कुरतडलेली असती तर मी तेच केलं असतं. अडचण अशी की दिसायला हुबेहूब असे कार्बोरेटर पाण्याच्या पंपांवर आणि जनरेटरवरही असतात. स्टड जुळतात, सळई जुळते, पण आतले जेट उबदार हवेच्या हिशोबाने असतात. असा कार्बोरेटर स्नोब्लोअरवर घातला की तो कोरा करकरीत असूनही थंडीत लीन चालतो. बदलायचाच तर इंजिनाच्या मॉडेल नंबरवरून घ्यावा आणि जेटवर कोरलेला आकडा जुन्याशी ताडून पाहावा.

जेट एक नंबर मोठा घालण्याचाही सल्ला कोणी कोणी देतं. काही इंजिनं कारखान्यातूनच इतकी लीन येतात की पहिल्या दिवसापासून हंटिंग करतात. त्यांना तो उपाय लागू पडतो. पण जे इंजिन इतके हिवाळे सरळ चाललं आणि एका उन्हाळ्यानंतर बिघडलं, त्याचं भोक मूळचं लहान असणं शक्य नाही. तिथे मोठा जेट घालणं म्हणजे कचरा आत तसाच ठेवून वरून जास्त पेट्रोल ओतणं.

ओरखडे पडलेला मेन जेट मी बदलला नाही. ओझ्याखाली धूर नव्हता, आवाज स्वच्छ होता, भोक गोल होतं. नवा प्लग घालून दिला आणि काही दिवस भरपूर बर्फ काढून झाल्यावर तो काढून दाखवायला सांगितला. बदामी असला तर जेट राहू दे. काजळी धरली असेल तर तारेने भोक मोठं झालंय असं समजून त्याच नंबरचा नवा मेन जेट घालायचा, आणि तेवढ्यासाठी वाटी उघडली तरी पुरे, कार्बोरेटर उतरवायची गरज नाही.